तो बोर्ड माझ्यामुळं लागला

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

मी फोटोग्राफर आहे. २००६ पासून नागपुरात लग्न, साक्षगंध, वास्तू, कॉलेजचं गॅदरिंग, नगरसेवकाचा वाढदिवस, जे येईल ते शूट करतो. पेपरला पत्र लिहायची सवय नाही, त्यामुळं इकडची गोष्ट तिकडं झाली तर सांभाळून घ्या आणि माझं नाव छापू नका, का ते पुढं वाचलं की कळेलच.

आपल्या शहरातल्या एका कॉलेजच्या कॅम्पसमध्ये मेन गेटच्या आत, गार्डच्या खोलीला लागूनच एक निळा बोर्ड आहे. "या परिसरात ड्रोन अथवा इतर कोणतीही उडणारी वस्तू उडविण्यास सक्त मनाई आहे. आदेशावरून." आदेश कोणाचा ते लिहिलेलं नाही, कोणत्या नियमाखाली ते पण नाही, परवानगी पाहिजे असेल तर कोणाला भेटायचं हे तर नाहीच नाही. तो बोर्ड माझ्यामुळं लागला.

झालं असं का, दोन वर्षांपूर्वी तिथल्या गॅदरिंगची ऑर्डर माझ्याकडं होती. दोन कॅमेरे, एक क्रेन आणि ड्रोन पाहिजेच म्हणाले, कारण आदल्या वर्षी दुसऱ्या एका कॉलेजच्या व्हिडिओत ड्रोन होता. माझा ड्रोन नऊशेक ग्रॅमचा, जुना, पण शॉट चांगले द्यायचा. गेटवर गार्डनं बॅग उघडायला लावली, ड्रोन पाहिला, "वा भाऊ!" म्हणाला आणि स्वतःच्या मोबाइलवर त्याचा फोटो काढून घेतला. आत कमिटीतल्या सर लोकांनी विचारलं ते एवढंच का "वरून पूर्ण गर्दी येईल ना?" तुझ्याकडं कागद काय आहेत, इन्शुरन्स आहे का, उडवायचं सर्टिफिकेट आहे का, हे एका माणसानं विचारलं नाही. विचारलं असतं तर माझ्याकडं दाखवायला काहीच नव्हतं, हे पण खरं सांगून टाकतो.

संध्याकाळी साडेपाचला उडवला. स्टेजच्या मागं, लोखंडी ट्रसच्या बाजूला, पलीकडं जनरेटर चालू. स्क्रीनवर कंपासची लाल वॉर्निंग आली (लोखंडाजवळ ड्रोनचा कंपास चुकतो) ती मी बोटानं सारून दिली, आमच्या धंद्यात सगळेच सारतात. चाळीस-पन्नास फुटांवरून गर्दीवर फिरवत होतो, पोट्टे वर पाहून हात हलवून राहिले होते, शॉट एकदम भारी येत होता आणि तेवढ्यात मेसच्या मागून घार आली. त्या मेसचं उरलंसुरलं मागंच टाकतात, तिथं पाच-सात घारी कायम असतात, सकाळी रेकी करताना मी पाहिल्या होत्या पण डोक्यात आलं नाही. दोनदा तिनं नुसती झेप घेतली, तिसऱ्यांदा लागली. स्क्रीनवर आभाळ, जमीन, आभाळ, जमीन असं गरगर फिरलं आणि मग नुसतं गंजलेलं टिन दिसलं. ड्रोन पडला तो तर्री-पोह्याच्या स्टॉलच्या टिनाच्या शेडवर, तिथून घसरत खाली एका पोरीच्या पायाजवळ. एक पंखा तुटलेला, एक अजून फिरत होता, त्यानं तिच्या सँडलचा पट्टा कापला. दोन इंच इकडं असता तर बोट गेलं असतं. तिच्या हातातली प्लेट पडली, तर्री सगळी पायावर, आणि ती हसायला लागली, मैत्रिणी पण हसायला लागल्या. मला काही हसू आलं नाही, माझ्या हाताला कापरं सुटलं होतं.

कमिटीतले एक सर येऊन म्हणाले, "दादा, तेवढं एडिटमध्ये काढून टाका." झालं, विषय संपला. असा अपघात झाला तर ४८ तासांत ऑनलाइन कळवावं लागतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं, त्यांना तर नव्हतंच. पंधरा दिवसांत माझं बिल पास झालं आणि महिन्याभरात तो बोर्ड लागला. ना मला कोणी विचारलं का काय चुकलं, ना कोणी घारीचं नाव काढलं, ना ट्रसचं. पाटी रंगवली, जबाबदारी संपली.

आता दुसरी बाजू. माझी पोरगी त्याच कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या ग्रुपनं प्रोजेक्ट घेतला का संत्र्याच्या बागेत डिंक्या (खोडातून डिंक गळायचा रोग) लागलेलं झाड वरून ओळखता येते का. डिंक खोडावर असतो, तो वरून दिसत नाही, पण झाडाचा पाला पिवळा पडतो, विरळ होतो, ते वरून दिसू शकते, असं त्यांचं म्हणणं. आमचं आजोळ काटोलकडचं, डिंक्यानं बागा कशा बसतात ते तिनं लहानपणापासून पाहिलं आहे, त्यामुळं मला हा विषय लई आवडला. ड्रोन त्यांनी स्वतः जुळवला, फ्रेम ऑनलाइन मागवली, मोटर्स एका सीनिअरच्या जुन्या ड्रोनच्या काढल्या, बॅटरी माझी. वजन आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानाच्या काट्यावर केलं, एक किलो सहाशे वीस ग्रॅम भरलं, दुकानदार म्हणाला साखरेपेक्षा महाग दिसते हे.

असा घरी जुळवलेला ड्रोन पहिल्या दिवशी सरळ उडत नाही. डोक्याएवढ्या उंचीवर नुसता एका जागी धरायचा, डुलतो का, एका बाजूला ओढतो का ते पाहायचं, खाली उतरवायचा, लॅपटॉपवर आकडे बदलायचे, परत उडवायचा. असं वीस-तीस वेळा. त्याच्यासाठी त्यांना कॉलेजच्या ग्राउंडचा एक कोपरा आणि रविवारची सकाळ पाहिजे होती. एवढंच.

एचओडी मॅडम चांगल्या आहेत, त्यांनी लगेच सही केली. प्रिन्सिपलच्या ऑफिसनं अर्ज सिक्युरिटी इन्चार्जकडं पाठवला, सिक्युरिटी इन्चार्जनं बोर्डाकडं बोट दाखवलं, खरोखर हात वर करून बोट दाखवलं असं पोरगी सांगते. मग म्हणाले पोलिसांची एनओसी आणा. ठाण्यात गेले तर ते म्हणाले कॉलेजनं लेखी मागितलं तर पाहू. कॉलेज म्हणे आधी एनओसी आणा, मग लेखी देऊ. आणखी एका सरकारी ऑफिसात गेले तर ते म्हणाले सगळं ऑनलाइन आहे, ऑनलाइन करा. ऑनलाइन गेले तर तिथं मॉडेलचं टाइप सर्टिफिकेट, म्हणजे ते मॉडेल तपासून मंजूर केल्याचा कागद, विचारते, आता चार पोट्ट्यांनी हॉस्टेलच्या खोलीत जुळवलेल्या ड्रोनचं टाइप सर्टिफिकेट कुठून आणायचं? तीन आठवडे गेले. शेवटी गार्डलाच दया आली, तो म्हणाला "ताई, मले काही म्हणनं नाही, पण तुम्ही उडवलं तर माझी नोकरी जाईन."

मग मी बसलो नियम वाचायला. स्वतःला पण वाचायचेच होते, त्या सँडलच्या पट्ट्यानंतर झोप नीट लागत नव्हती.

केंद्र सरकारचे ड्रोन नियम २०२१ चे आहेत, २५ ऑगस्टला आले. त्याच वर्षी मार्चमध्ये आलेले आधीचे नियम लई किचकट होते, २५ फॉर्म होते ते या नव्या नियमांत ५ वर आणले. वजनावर वर्ग पाडले आहेत, २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, तिथून २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल, पुढं मोठेमोठे. (बाजारात २४९ ग्रॅमचे ड्रोन का दिसतात ते मला तेव्हा कळलं, इतके दिवस वाटायचं कंपनीची हौस आहे.) मायक्रो ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर सर्टिफिकेट लागते, म्हणजे मला लागत होतं. धंद्यासाठी नसेल तर लागत नाही, म्हणजे पोरीला लागत नाही. थर्ड पार्टी इन्शुरन्स नॅनो सोडून बाकीच्यांना पाहिजे, म्हणजे मला पाहिजे होता. नियम मोडला तर दंड एक लाखापर्यंत. म्हणजे त्या दिवशी गॅदरिंगमध्ये खऱ्या अर्थानं बेकायदेशीर माणूस मीच होतो आणि मलाच चहा-समोसा मिळाला.

आणि पुढं ऐका. त्याच नियमांत ४२ नंबरचा नियम आहे. सरकारी किंवा सरकारमान्य शिक्षणसंस्था संशोधनासाठी स्वतःच्या आवारात ड्रोन उडवत असेल तर टाइप सर्टिफिकेट नको, नोंदणीचा नंबर नको, पायलटचं सर्टिफिकेट नको. सरकारनं स्वतःहून कॉलेजांना सूट दिली आहे! अट एकच, ती जागा ग्रीन झोनमध्ये पाहिजे.

इथं आपलं नागपूर आडवं येते. ग्रीन झोन म्हणजे जिथं ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही अशी जागा. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरमध्ये ते २०० फुटांवर येते. त्याच्या आत आलं का यलो, म्हणजे एटीसीची (विमानांना वाट देणाऱ्या कंट्रोल टॉवरची) परवानगी, नाहीतर रेड, म्हणजे थेट केंद्र सरकारची. आता सोनेगावचं विमानतळ आपल्याकडं गावाबाहेर नाही, गाव त्याच्या भोवती वाढलं आहे. व्हीएनआयटी घ्या, अमरावती रोडचा विद्यापीठाचा कॅम्पस घ्या, नकाशावर पट्टी ठेवली तर दोन्ही त्या ८ किलोमीटरच्या आतच पडतात. वायुसेना पण शेजारी, सोनेगावला त्यांचं स्टेशन आणि वायुसेनानगरला अख्ख्या मेंटेनन्स कमांडचं हेडक्वार्टर. म्हणजे शिकायच्या मोठ्या जागा बऱ्याचशा तिथं, जिथं ती सूट लागू होत नाही. त्यामुळं "मनाई का" याचं खरं उत्तर आहे, चांगलं उत्तर आहे, ते पोरांना समजावून सांगता येते. विमान उतरत असते तेव्हा दीड किलोचा ड्रोन त्याच्या वाटेत येणं म्हणजे काय हे इंजिनिअरिंगच्या पोराला दोन मिनिटांत कळते. पण ते कोणी सांगतच नाही. बोर्ड नुसतं आदेशावरून म्हणते आणि खाली सही पण नाही.

आणि यलोमध्ये परवानगी मागता येते, संस्थेनं मागितली तर. चार पोट्टे स्वतःच्या नावानं काय मागतील? कॉलेजनं वर्षातून एकदा मागायची, आमच्या ग्राउंडचा हा कोपरा, एवढी उंची, या वेळा, हा आमचा जबाबदार माणूस आणि हा त्याचा फोन. मिळाली तर चांगलं, नाही मिळाली तर तसं बोर्डावर लिहा, पोरं दुसरी जागा शोधतील.

"इतर कोणतीही उडणारी वस्तू" हे तर मला समजलंच नाही. एअर एनसीसीची पोरं एरोमॉडेल उडवतात, ते पण नाही? थर्माकोलचं हातानं फेकायचं ग्लायडर नाही? बोर्ड लागला त्याच आठवड्यात कोणीतरी कागदाचं विमान करून त्याच बोर्डाच्या फटीत खोचलं होतं, बरेच दिवस होतं ते, पावसात गेलं. आणि ज्याच्यावर खरंच मनाई पाहिजे त्याच्याकडं लक्ष नाही, परवाच्या संक्रांतीला त्याच कॅम्पसच्या टेरेसवरून दिवसभर ओ काट चालू होतं. पतंगाला माझी ना नाही, मी पण उडवतो, पण खाली गेटसमोरच्या झाडात जो मांजा लोंबत होता तो सुती नव्हता, नायलॉन होता, बंदी असलेला. तो गाडीवाल्याच्या गळ्याला लागला तर ड्रोनच्या पंख्यापेक्षा वाईट. आणि पाहुणे येतात तेव्हा ग्राउंडवर चुना मारून एच काढतात, हेलिकॉप्टर उतरते, धूळ अख्ख्या हॉस्टेलच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर, ती पण उडणारीच वस्तू. असो.

बंदीच्या बाजूनं एक गोष्ट मात्र मी मान्य करतो, ती कॅमेऱ्याची. मी हा धंदा करतो म्हणून सांगतो, साठ फुटांवरून खिडकीतलं काय काय दिसते ते तुम्हाला सांगायला नको. गॅदरिंगच्या फुटेजमध्ये मुलींच्या हॉस्टेलची गच्ची आली होती, दोघीजणी केस वाळवत बसल्या होत्या, मी तो तुकडा उडवून टाकला. पण मी टाकला म्हणून टाकला. दुसऱ्यानं ठेवला असता तर कोणाला कळलं असतं? फुटेज कोणाचं, कोणाकडं राहणार, किती दिवस, हे माझ्या ऑर्डरच्या कागदावर कुठंच नव्हतं, त्या कागदावर होतं ते फक्त जेवणाच्या कुपनांचं. हॉस्टेलवरून कोणीच कधीच उडवायचं नाही, ना विद्यार्थी, ना फोटोग्राफर, ना कॉलेजचा पीआरवाला, हे मला एकदम पटते. परीक्षेच्या दिवशी पण नाही, वर मधमाश्या आल्यासारखा आवाज असतो त्याचा, हॉलमध्ये बसलेल्या पोराचं लक्ष जाणारच. आणि गर्दीच्या डोक्यावरून तर नाहीच, हे मी शिकलो ते सगळ्यांनी स्वतःच्या अनुभवानं शिकायची गरज नाही.

आणि एक साधी गोष्ट आहे जी आपल्याकडं कोणाच्या डोक्यात येत नाही. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठानं २०१८ मध्ये कॅम्पसवरच ड्रोनसाठी जाळीचा पिंजरा उभारला, चार मजली उंच, चारी बाजूंनी आणि वरून जाळी, वारा-पाऊस आत येतो पण ड्रोन बाहेर जाऊ शकत नाही. आपल्याला चार मजली नको. क्रिकेटच्या नेट प्रॅक्टिसचे खांब प्रत्येक कॉलेजात आहेत, त्यांच्यावर वरून जाळी टाका, बाजूनं टाका, डोक्याएवढ्या उंचीवर ड्रोन डुलतो का हे पाहायला तेवढं पुरे. ना विमानाला धोका, ना घारीला, ना तर्री-पोहे खाणाऱ्या पोरीला. मंडप-डेकोरेशनवाल्याला विचारलं मी, जाळी आणि मजुरी मिळून जो आकडा त्यानं सांगितला तो गॅदरिंगच्या माझ्या बिलापेक्षा कमी होता.

हे सगळं नागपुरात होऊन राहिलं याचं जास्त वाईट वाटते. इथल्याच कारखान्यात बनलेलं नागास्त्र, म्हणजे लक्ष्यावर जाऊन आदळणारा ड्रोन, आपल्या सैन्याकडं गेलं. २०२५ च्या मार्चमध्ये पंतप्रधानांनी इथंच खास मानवरहित विमानांसाठी १,२५० मीटरच्या धावपट्टीचं उद्घाटन केलं. पेपरात आपणच पहिल्या पानावर वाचलं. त्या धावपट्टीवर उद्या काम करायला पोरं कुठून येतील, त्याच कॉलेजांतून ना, जिथं ग्राउंडच्या कोपऱ्यात दहा मिनिटं पंखा फिरवायला तीन आठवडे चकरा माराव्या लागतात आणि तरी तो फिरत नाही.

माझ्या पोरीचं काम कसं झालं ते सांगतो. काटोलकडं मामाची बाग आहे, साठेक किलोमीटर, मोबाइलवर नकाशा पाहून घेतला, हिरवा निघाला. दर रविवारी सकाळी सहाला निघतो, चार पोट्टे-पोट्ट्या, ड्रोन, लॅपटॉप, मामाकडं झुणका-भाकर. बांधावर उभं राहून उडवतात, तीन झाडं त्यांनी वरून पाहून सांगितली, मामानं खोडाजवळची माती उकरून पाहिली तर दोघांना डिंक होता. तिसऱ्याला काही नव्हतं, त्याच्यावर त्यांचं अजून भांडण चालू आहे. पण ज्या पोरांचा मामा काटोलला नाही त्यांनी प्रोजेक्ट बदलले. एकानं पार्किंगमध्ये गाड्या मोजायचं सॉफ्टवेअर घेतलं. दुसरे दोघं, मला माहीत आहे कोण, रात्री हॉस्टेलच्या मागं चोरून उडवतात, अंधारात, बिना लाइटचं, म्हणजे जे सगळ्यात धोक्याचं तेच चालू आहे आणि बोर्ड जागच्या जागी आहे.

मी माझं पण दुरुस्त केलं. पाच-सहा दिवसांचं ट्रेनिंग घेतलं, दहावी पास लागते आणि वय १८ ते ६५, तेवढं आपल्याकडं आहे. सर्टिफिकेट काढलं, नवा देशी ड्रोन घेतला, त्याचा नोंदणीचा नंबर घेतला, इन्शुरन्स काढला. आता कोणी कागद मागेल म्हणून फाइल बॅगेतच ठेवतो. आजपर्यंत एकाही लग्नात, एकाही कॉलेजात कोणी मागितली नाही.

मागच्या आठवड्यात त्याच कॉलेजातून या वर्षीच्या गॅदरिंगचा फोन आला. दोन कॅमेरे, एक क्रेन, "आणि दादा, ड्रोन पाहिजे बरं का, आता टिनाच्या शेडकडं नका जाऊ म्हणजे झालं." मी म्हटलं, बोर्ड आहे ना? तर म्हणाले, "अहो, तो पोट्ट्यांसाठी आहे, आपला प्रोग्राम ऑफिशियल आहे."

मी लेखी मागितलं आहे. तारीख, वेळ, कुठून कुठपर्यंत, एटीसीची परवानगी कोण काढणार आणि खाली कोणाची सही. पाठवतो म्हणाले, अजून काही आलं नाही. नाही आलं तर क्रेनवरच भागवीन असं सांगून ठेवलं आहे, दुसरा फोटोग्राफर पाहतील हे पण माहीत आहे, बिना कागदाचे दहा जण मिळतात. रविवारी आम्ही परत काटोलला चाललो, त्या तिसऱ्या झाडाचा फोटो परत काढायचा आहे म्हणते पोरगी.

आपला,
एक फोटोग्राफर, नागपूर